नेमलेले वाचन आणि ग्रंथाचे स्वामित्व

ज्ञानबंदी हा शब्द आपल्या लेखनात इतक्या वेळा आला आहे की तो आता केवळ भूतकाळाचा शब्द वाटू लागला आहे. पुस्तकाला हात लावू नकोस, असे आज कोणी तोंडाने म्हणत नाही. आज जे म्हटले जाते ते असे : पुस्तक अभ्यासक्रमात आहे, पण त्याची आवृत्ती संपली आहे. ग्रंथालयात एकच प्रत आहे. झेरॉक्स काढणे बेकायदा आहे. आणि आंतरजालावर टाकाल तर तुरुंगात जाल. या चार विधानांपैकी पहिली दोन बहुधा खरी असतात. तिसरे शिकवण्याच्या बाबतीत बहुतांशी खोटे आहे. चौथे अर्धे खरे आहे. ते नेमके कोणते अर्धे, हे आपल्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक असावे, एवढ्याचसाठी हा लेख.

मी मोहन्यात राहतो आणि कल्याण परिसरातील एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. मोहने ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो : मध्य रेल्वेने कसाऱ्याच्या दिशेला कल्याणपुढे शहाड, शहाडपुढे आंबिवली, आंबिवलीला उतरले की मोहने. उल्हास नदीच्या काठचे हे गाव नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे लोकांच्या तोंडच्या एनआरसीच्या, कारखान्यावर वाढले. तो कारखाना २००९ साली बंद पडला. माझ्या वर्गात येणारी कित्येक मुले-मुली कामगारांच्या घरांतली आहेत. बाप कायम नोकरीत होता; मुलगा ठेक्यावर आहे. सकाळी वर्ग, दुपारनंतर काम. ग्रंथालय उघडे असते तेव्हा तो कामावर असतो, आणि तो मोकळा होतो तेव्हा ग्रंथालयाला कुलूप असते. त्याच्या खिशात चोवीस तास असतो तो मोबाइल. नेमलेले वाचन त्या मोबाइलवर पोचले नाही तर ते पोचलेच नाही, असे मी समजतो. मग उरते ते गाइड. दलित साहित्याचा विद्यार्थी दलित साहित्य न वाचता दलित साहित्याची ‘वैशिष्ट्ये’ पाठ करतो, परीक्षा देतो, उत्तीर्ण होतो, आणि उद्या तोच शिक्षक म्हणून आपल्या मुलांपुढे उभा राहतो. प्रश्न किती गंभीर आहे हे यावरून कळावे.

आता कायद्याकडे वळू. आपल्या देशातील स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७ सालचा आहे. लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या ग्रंथावर त्याचा व त्याच्या वारसांचा हक्क राहतो. पूर्वी ही मुदत पन्नास वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. पन्नास वर्षे भरत आली तेव्हा सरकार जागे झाले आणि १९९२ च्या दुरुस्तीने पन्नासाची साठ वर्षे करण्यात आली. एका मोठ्या कवीच्या ग्रंथांसाठी साऱ्या देशाचे गणित बदलले. असो. मुद्दा असा की हा हक्क निसर्गाने दिलेला नाही, संसदेने दिलेला आहे. आणि ज्या संसदेने तो दिला तिनेच त्याला अपवादही घालून दिले आहेत. हे अपवाद कलम ५२ मध्ये आहेत. शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने शिकवण्याच्या ओघात एखाद्या कृतीची प्रत काढली तर तो हक्कभंग नव्हे, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत उतारा छापला आणि उत्तरपत्रिकेत तो उतरवला, तरीही हक्कभंग नव्हे. खाजगी अभ्यासासाठी व संशोधनासाठी केलेला वाजवी वापर वेगळा. शिक्षकाला कोणी मेहेरबानी म्हणून सोडून दिलेले नाही; त्याची जागा कायद्यातच आहे.

या जागेची लांबी-रुंदी किती, हे ठरवण्यासाठी दिल्लीत एक मोठा खटला झाला. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस नावाचे झेरॉक्सचे दुकान होते. प्राध्यापक वाचनाची यादी देत, निरनिराळ्या पुस्तकांतली नेमलेली प्रकरणे तेथे एकत्र बांधली जात आणि विद्यार्थी ती विकत घेत. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशनसंस्थांनी दुकानावर आणि दिल्ली विद्यापीठावर दावा लावला. सुरुवातीला मनाई हुकूमही मिळाला. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्या संघटना मध्ये पडल्या. १६ सप्टेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, पूर्वी विद्यार्थी ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत. ते जर वैध होते, तर यंत्राने तेच काम झाल्याने ते अवैध होत नाही. त्याच वर्षी ९ डिसेंबरला दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने अपिलावर निकाल दिला. कायद्याचा अर्थ त्यांनीही जवळजवळ तसाच केला. शिकवण्याचा ‘ओघ’ म्हणजे केवळ तासाची पंचेचाळीस मिनिटे नव्हेत. अभ्यासक्रमाची आखणी, वर्ग, परीक्षा हे सारे त्यात येते. किती पाने, किती टक्के, ही कसोटी नाही. शिकवण्याच्या हेतूसाठी जेवढे आवश्यक तेवढे, ही कसोटी आहे. ती आवश्यकता होती की नव्हती हे पुराव्याने तपासावे म्हणून खंडपीठाने दावा पुन्हा जिवंत केला. परंतु मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो स्वतःच मागे घेतला. पुढे प्रकाशकांच्या बाजूच्या एका परवाना-संस्थेने सर्वोच्च न्यायालयात केलेली याचिकाही मे २०१७ मध्ये फेटाळली गेली.

या खटल्यातील एक गोष्ट आपल्याकडील प्राचार्य आणि ग्रंथपाल यांनी लक्षात ठेवावी. प्रकाशकांचे म्हणणे असे होते की, कायद्यात दुसरे एक पोटकलम आहे, त्यात शैक्षणिक संग्रहासाठी एका लेखकाचे पाच वर्षांत दोनच छोटे उतारे घेण्याची मर्यादा आहे, आणि तीच येथे लागू झाली पाहिजे. न्यायालयाने ते मानले नाही. ती मर्यादा ग्रंथ प्रकाशित करणाऱ्यासाठी आहे. वर्गात शिकवणाऱ्या शिक्षकासाठी नाही. मी दोन-तीन ठिकाणी नोटीस बोर्डावर ‘फक्त दोन उतारे’ असा नियम लिहिलेला पाहिला आहे. तो कायद्याचा चुकीच्या जागी लावलेला तुकडा आहे.

परंतु येथेच सावध झाले पाहिजे. दिल्लीचा खटला झेरॉक्सचा होता, संकेतस्थळाचा नव्हता. झेरॉक्सची प्रत एका विद्यार्थ्याच्या हातात पडते, फार तर त्याच्या मित्राच्या. आंतरजालावर उघडी ठेवलेली प्रत साऱ्या जगाच्या हातात पडते. कायद्याच्या भाषेत पहिली कृती ‘पुनरुत्पादन’ आहे. दुसरी कृती त्याशिवाय ‘जनतेपर्यंत पोचवणे’ हीसुद्धा आहे, आणि कोणी ती प्रत प्रत्यक्ष उघडून पाहिली की नाही याला तेथे महत्त्व नाही. पाहता येईल अशी ती ठेवली, एवढे पुरे होते. शिक्षकाला दिलेली सवलत पुनरुत्पादनाची, आणि तीही शिकवण्याच्या ओघातली. म्हणून मी असे मानतो की वर्गाच्या दाराच्या आत, नाव नोंदवलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेली प्रत त्या सवलतीच्या जवळ राहते; दार काढून टाकले की ती सवलतीच्या बाहेर जाते. अमेरिकेत नेमक्या याच प्रश्नावर जॉर्जिया स्टेट विद्यापीठाविरुद्ध २००८ पासून २०२० पर्यंत खटला चालला. तेथे उतारे विद्यार्थ्यांसाठी संगणकावर ठेवले होते आणि वादींत पुन्हा ऑक्सफर्ड आणि केंब्रिज होतेच. बहुतेक उताऱ्यांच्या बाबतीत अखेर विद्यापीठाची बाजू मान्य झाली. खालच्या न्यायालयाने दहा टक्के किंवा एक प्रकरण असे सरसकट मोजमाप घातले होते, ते अपिलात टिकले नाही. प्रत्येक उताऱ्याचा वेगळा विचार करा, असे वरच्या न्यायालयाने सांगितले. तो त्यांचा कायदा आहे, आपल्यावर बंधनकारक नाही. तरी विचाराची दिशा उपयोगी आहे.

प्रत्यक्षात मी काय करतो ते सांगतो, कारण ‘दार’ या शब्दाने गैरसमज नको. महाविद्यालयाच्या संगणकावर वर्गाचे एक पान असते. हजेरीपटावर ज्यांची नावे तेच तेथे पासवर्ड घालून जाऊ शकतात. दरवर्षी पासवर्ड बदलतो, आणि सत्र संपले की मजकूर काढून टाकला जातो. नेमलेले प्रकरण तेवढे ठेवायचे. अख्खे पुस्तक कधीच नाही. प्रकरणाच्या आधी पुस्तकाचे मुखपृष्ठ आणि मागील माहितीचे पान आवर्जून जोडायचे : लेखक, प्रकाशक, साल, किंमत. लेखकाचे नाव कापलेला उतारा फिरवणे हा तर वेगळाच अपराध आहे. कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे नाव लागण्याचा हक्क लेखकाकडून कोणी विकतसुद्धा घेऊ शकत नाही. दुकानात मिळणारे पुस्तक असेल तर ते कोठे मिळेल हेही मी खाली लिहितो. आणि एखादा ग्रंथ सरकारी किंवा प्रकाशकाच्या संकेतस्थळावर आधीच खुला असेल तर त्याची प्रत न काढता केवळ पत्ता द्यायचा. पत्ता सांगणे म्हणजे प्रत काढणे नव्हे. स्कॅन करताना फाइल हलकी ठेवायची, हे कायद्यात नाही. पण महिन्याच्या अखेरीस ज्याचा डेटा संपलेला असतो त्याला विचारा, ते कायद्याइतकेच महत्त्वाचे आहे.

आता ज्या प्रश्नावर आपल्या लोकांत सर्वात अधिक गोंधळ आहे त्याकडे येतो. बाबासाहेबांचे लेखन आता सर्वांसाठी खुले झाले आहे, असे सर्रास म्हटले जाते. हे खरे आहे आणि खरे नाहीही. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. त्यापुढील वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे मोजली की मुदत २०१६ च्या अखेरीस संपते. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून कोणालाही छापता येतात, संकेतस्थळावर ठेवता येतात. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’चे उदाहरण घ्या. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यावर बाबासाहेबांनी १९३६ साली ते भाषण स्वखर्चाने छापले. त्या पहिल्या दीड हजार प्रती दोन महिन्यांत संपल्या. ते आज निर्वेध खुले आहे. कोलंबिया विद्यापीठाने तर टिपांसह त्याची अभ्यास-आवृत्ती आंतरजालावर कधीच ठेवली आहे.

परंतु जे लेखन लेखकाच्या हयातीत प्रसिद्धच झाले नाही, त्याचा हिशेब कायदा वेगळा करतो. तेथे साठ वर्षे मृत्यूपासून नव्हे, पहिल्या प्रकाशनापासून मोजतात. ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ १९५७ साली, बाबासाहेबांच्या पश्चात, निघाला. म्हणून तो एक वर्ष उशिरा, २०१८ च्या आरंभी, खुला झाला. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ महाराष्ट्र शासनाने चौथ्या खंडात १९८७ साली प्रथम छापले; त्यावरून केवढे वादळ उठले ते जुन्या वाचकांना आठवत असेल. या हिशेबाने त्याची मुदत २०४७ च्या अखेरपर्यंत जाते. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे बाबासाहेबांचे आत्मकथनपर टिपण पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिकेच्या रूपाने काढले. ते २०५० च्या अखेरपर्यंत. गंमत अशी की वर्गात शिकवायला सर्वात अधिक घेतले जाते ते हेच टिपण, आणि ‘खुले’ समजून ते बिनदिक्कत उतरवलेही जाते. वर्गात शिकवण्यासाठी ते वापरायला काहीच अडचण नाही. शिक्षकाची सवलत येथेही आहेच. पण एखाद्या मंडळाने त्याची पुस्तिका छापून विकायची ठरवली तर त्याला विचारावे लागेल.

शासनाच्या खंडांविषयीही दोन शब्द. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर : रायटिंग्ज अँड स्पीचेस’चा पहिला खंड १४ एप्रिल १९७९ रोजी निघाला. वसंत मून यांनी त्या कामाला आयुष्य वाहिले. शासनाने छापले म्हणून ते आपोआप सर्वांच्या मालकीचे होते असे नाही. शासकीय प्रकाशनालाही साठ वर्षांचे स्वामित्व आहे. मूळ ग्रंथ खुला झाला असेल तर तो मजकूर खुला. संपादकाची प्रस्तावना, टिपा, सूची हे त्याचे स्वतःचे काम. तरीही हे खंड वाचकाला मिळणे हा प्रश्न कायद्यापेक्षा छपाईचाच ठरला. छपाई रखडल्याची ‘लोकसत्ते’तील बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये आपण होऊन दखल घेतली, नऊ लाख प्रतींचे ठरवून, कोट्यवधींचा कागद घेऊन, प्रत्यक्षात तेहतीस हजारच प्रती छापल्या, असे त्या बातमीत होते. येथे स्वामित्वहक्काने वाट अडवली नव्हती. बेपर्वाईने अडवली होती. आणि केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर इंग्रजी खंड कोणालाही उतरवून घेता येत होते. मोहन्यातील मुलाला आपल्या राज्याचे खंड दिल्लीच्या, तेही परदेशाशी व्यवहार करणाऱ्या, खात्याकडून मिळावेत, यावर मी भाष्य करीत नाही.

इंग्रजी खंड, असे मी म्हटले. अडचणीचे मूळ तेथेच आहे. माझे विद्यार्थी मराठीतून वाचतात, आणि अनुवादावर अनुवादकाचा स्वतंत्र हक्क असतो. मूळ इंग्रजी ग्रंथ २०१७ साली खुला झाला म्हणून त्याचा मराठी अनुवाद खुला होत नाही. अनुवादकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे तो बांधलेलाच राहतो. म्हणजे ज्याला इंग्रजी येते त्याला बाबासाहेब फुकट, आणि ज्याला मराठीच येते त्याला विकत. यात अनुवादकाचा दोष नाही; त्याने श्रम केले आहेत. यावर उपाय एकच : मूळ खुल्या ग्रंथांचे नवे मराठी अनुवाद व्हावेत आणि अनुवादकांनी ते जाणीवपूर्वक खुले ठेवावेत. विद्यापीठांतील मराठी आणि इंग्रजी विभागांनी एम.ए.च्या प्रकल्पांऐवजी हे काम हाती घेतले तर पाच-सात वर्षांत चित्र पालटेल.

चरित्रांचेही असेच. धनंजय कीर १९८४ साली वारले. त्यांचे बाबासाहेबांचे चरित्र २०४४ अखेरपर्यंत बांधलेले आहे. चां. भ. खैरमोडे १९७१ साली वारले, त्यामुळे हयातीत निघालेले त्यांचे खंड २०३१ अखेरीस मोकळे होतील. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या खंडांचा हिशेब त्या-त्या प्रकाशनसालापासून. याउलट जोतीराव आणि सावित्रीबाई, मुक्ता साळवे यांचा ‘ज्ञानोदया’तील निबंध, ताराबाई शिंदे यांची ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे सारे केव्हाच मोकळे आहे. एवढे असूनही या मूळ संहितांची स्वच्छ, शोधता येईल अशी, मोबाइलवर वाचता येईल अशी आवृत्ती विद्यार्थ्याच्या हाती सहज पडत नाही. कायद्याच्या नावाने बोटे मोडण्याआधी, कायद्याने जे आपल्या ओंजळीत टाकले आहे ते तरी आपण उचलले आहे काय, हेही विचारले पाहिजे.

येथवर मी विद्यार्थ्याच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू, आणि ती परक्याची नाही. अण्णाभाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी वारले. त्यांची अखेरची वर्षे कशा गरिबीत गेली हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या कादंबऱ्यांवरील हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत चालतो. दया पवार १९९६ साली गेले, बाबुराव बागूल २००८ साली, नामदेव ढसाळ २०१४ साली. त्यांचे हक्क या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत आहेत. दलित लेखकाला पुस्तकाने श्रीमंत केले असे उदाहरण मला दिसत नाही. परंतु ज्याच्या बापजाद्यांच्या श्रमाला कधी मोलच मिळाले नाही, त्याच्या नावावर कायद्याने काही मालकी केली असेल तर ती हीच. ‘आपल्याच माणसाचे पुस्तक आहे, त्याला काय विचारायचे’ असे म्हणून ती आपणच बुडवायची, हे कसले बंधुत्व? वेठबिगारीत याहून वेगळे काय होते?

ऑक्सफर्डचे पुस्तक आणि आपल्या लहान प्रकाशकाचे पुस्तक यांना कायदा एकाच मापाने मोजतो. मी मोजत नाही. हजारो रुपयांचा इंग्रजी ग्रंथ मोहन्यातला विद्यार्थी कधीच विकत घेणार नव्हता. त्याने एक प्रकरण वाचले म्हणून प्रकाशकाचे गिऱ्हाईक कमी झाले नाही. उलट दलित आत्मकथनाचा ग्राहक कोण? हाच विद्यार्थी, हाच शिक्षक, आणि ६ डिसेंबरला दादरला, विजयादशमीला नागपूरच्या दीक्षाभूमीवर येणारा हाच माणूस. त्या दोन-तीन दिवसांत पुस्तकांचे स्टॉल लावून लहान प्रकाशक वर्षाचा खर्च काढतो. हजार प्रतींची आवृत्ती काढायची, ती संपायला काही वर्षे जायची, त्यातून पुढच्या पुस्तकाचा कागद घ्यायचा, असा हा व्यवहार. त्या पुस्तकाची अख्खी पीडीएफ आपणच मोकाट सोडली तर घाव थेट तेथे बसतो. मग दुसरी आवृत्ती निघत नाही, आणि पुढच्या पिढीचे आत्मकथन छापायला कोणी पुढे येत नाही. म्हणून अशा पुस्तकांच्या बाबतीत मी कायद्याच्या सवलतीपेक्षाही आखडते घेतो : नेमके प्रकरण, बंद वर्ग, आणि शक्य असेल तेव्हा आधी एक पत्र.

हे पत्र कोणाला लिहायचे? बहुतेक शिक्षक प्रकाशकाला लिहितात आणि उत्तराची वाट पाहत बसतात. आधी हक्क कोणाकडे आहे ते पाहावे. कायद्याप्रमाणे लेखकाने सही करून लेखी दिल्याशिवाय हक्काचे हस्तांतर होतच नाही. आपल्या कित्येक लेखकांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत पुस्तके दिली ती विश्वासावर, चहाच्या टेबलावर. कागद नाही, म्हणजे हक्क लेखकाकडेच राहिला. अशा लेखकाला, तो नसेल तर त्याच्या वारसांना, लिहावे. पत्र लहान असावे : कोणते प्रकरण, कोणत्या वर्गासाठी, किती विद्यार्थी, किती काळ, आणि ते बंद दाराआड असेल. माझा अनुभव असा की लोक नाही म्हणत नाहीत. आपल्याला कोणी विचारले याचेच त्यांना अप्रूप वाटते. एका दिवंगत कवीच्या पत्नीने एवढीच अट घातली की कवितेसोबत संग्रहाची किंमत आणि मिळण्याचे ठिकाण ठळक छापा. लेखकाला आपला हक्क जाहीर नोटीस देऊन पूर्ण किंवा अंशतः सोडूनही देता येतो. कलम २१ मध्ये ती तरतूद आहे. पण ते त्याने ठरवायचे. आपण त्याच्या वतीने उदार होऊ नये.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र संकोचाचे कारणच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने, नफा न घेता त्यांच्यासाठी वाचता किंवा ऐकता येईल अशी प्रत करण्यास मोकळीक दिली आहे, आणि या विषयावरचा माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार मान्य करणारा पहिला देश भारतच होता, २०१४ साली. माझ्या वर्गात अशी एक विद्यार्थिनी होती. पानांचे नुसते फोटो तिच्या उपयोगाचे नव्हते. मोबाइल वाचून दाखवील असा मजकूर तिला लागे. तिच्या मैत्रिणींनी तीन आत्मकथनांतील नेमलेला भाग टंकून काढला. तो सर्वांनाच वाचायला सोपा गेला.

सर्वात अवघड प्रश्न उरतो तो नियतकालिकांचा. दलित साहित्याचा सारा वाद-संवाद ‘अस्मितादर्श’सारख्या त्रैमासिकांत आणि कितीतरी अल्पायुषी अनियतकालिकांत झाला. संशोधनासाठी मूळ साधन तेच. परंतु अंकाचा कागद हातात तुटतो. गैरपगारी लेखकाने नियतकालिकात लेख दिला म्हणून हक्क संपादकाचा होत नाही. तो लेखकाचाच राहतो. म्हणजे एका अंकात वीस लेखक असतील तर वीस वेगळे हक्क, वीस वेगळ्या मुदती. त्यांतले कितीजण हयात आहेत, कोणाचे वारस कोठे आहेत, टोपणनावाने लिहिणारा कोण होता, कोणाला सांगता येत नाही. हक्काचा धनीच सापडत नसेल तर काय, याची सोय कलम ३१-अ मध्ये आहे : वर्तमानपत्रात जाहिरात द्या, अर्ज करा, ठरेल ते शुल्क भरा, परवाना घ्या. पूर्वी हा अर्ज एका मंडळापुढे करायचा असे. ते मंडळ गेले, त्याच्या जागी आलेले अपील मंडळही २०२१ साली मोडीत निघाले, आणि आता न्यायालयाची पायरी चढावी लागते. चार पानांच्या लेखासाठी कोण वर्तमानपत्रात जाहिरात देईल? हे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे चित्रपट असावेत, चक्रमुद्रित अंक नसावेत.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारी शिक्षणसंस्थांसाठी ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके. योजना वाईट आहे असे मी म्हणत नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला ती हवीच. पण त्या रकमेतला अगदी लहानसा तुकडा जरी मराठी नियतकालिकांचे जुने अंक जतन करण्यावर आणि त्यांच्या लेखकांना रीतसर मोबदला देऊन ते खुले करण्यावर खर्च झाला असता, तर ते काम मार्गी लागले असते. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मीळ ग्रंथ संगणकावर आणले आहेत, महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कित्येक पुस्तके खुली केली आहेत. म्हणजे वाट अनोळखी नाही.

तोवर निदान एवढे करता येते. ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडे असलेल्या छापील अंकाची जतनासाठी संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा कायद्यानेच दिली आहे. ही प्रत जगाला उघडी करायची नाही, पण ती झाली तर निदान अंक नाहीसा होणार नाही. आमच्या वस्तीतील काही तरुण कल्याण परिसरातील जुन्या कार्यकर्त्यांच्या घरी जाऊन असे अंक गोळा करीत आहेत, आणि ते ग्रंथालयाला रीतसर भेट देण्याचे ठरले आहे. प्रत्येक अंकाबरोबर ते एक वहीही ठेवतात. तीत लेखकाचे नाव, तो हयात आहे की नाही, वारस कोण, पत्ता मिळाला की नाही, पत्र केव्हा टाकले, उत्तर काय आले, असे रकाने आखले आहेत. पहिल्या वहीत ‘उत्तर’ या रकान्यातल्या बहुतेक जागा अजून कोऱ्या आहेत.